भात, तारली आणि अर्धा चमचा अंड्याचं टरफल

आमचा कुत्रा टायगर पाच वर्षांचा. नावात वाघ, जात गावठी, रंग उकड्या तांदळाच्या पेजेसारखा फिकट तांबूस. पावसाळ्याआधी त्याला लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आधी काट्यावर उभं केलं. साडेसतरा किलो. मग त्यांनी मांडीचा स्नायू चाचपला, पाठीवरचे केस उलटे करून पाहिले आणि म्हणाले, "जाड झालाय आणि उपाशीपण आहे. काय घालता तुम्ही ह्याला?"

"घरचंच सगळं. भात, हुमण, पाव," मी म्हटलं. हुमण म्हणजे आमच्या गोव्याकडची खोबऱ्याच्या रसातली माशाची आमटी. मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल.

जाड आणि उपाशी एकाच वेळी कसा, हे मला कळेना. म्हणून घरी आल्यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि एक अख्खा दिवस टायगरच्या तोंडात जे जाईल ते आधी काट्यावर ठेवलं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की दोन पाव. आईच्या चहाबरोबर ग्लुकोज बिस्किटं, आईच्या म्हणण्याप्रमाणे दोन, मोजली तर सहा. दुपार-रात्र मिळून साडेचारशे ग्रॅम शिजलेला भात, वर अर्धी वाटी हुमणाचा रस. नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, तुकडा त्यात नव्हता. नुस्तं आमच्या पोटात जात होतं आणि काटे शेजारच्या मांजराला.

आता हिशेब. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी असतात, म्हणजे भाताच्या झाल्या ५८५. पावाच्या दोनशे, बिस्किटांच्या दीडशे, खोबऱ्याच्या रसाच्या शंभरेक. एकूण १,०३५. ह्या सगळ्यात प्रथिनं किती, तर जेमतेम २२ ग्रॅम. कॅल्शियम तर मोजण्यासारखं नव्हतंच.

त्याला लागतं किती, हे काढायला पशुवैद्यकात एक सूत्र आहे. दिसायला अवघड आहे, पण फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर जमतं. कुत्र्याचं वजन (असायला हवं ते, आत्ता असलेलं नव्हे) तीनदा एकमेकांशी गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. टायगर १५ किलोचा असायला हवा. १५ गुणिले १५ गुणिले १५ म्हणजे ३,३७५. पहिलं वर्गमूळ ५८, दुसरं ७.६. गुणिले ७० म्हणजे ५३३. एवढ्या कॅलरी नुसतं पडून राहायला, श्वास घ्यायला आणि अंग गरम ठेवायला लागतात. हिंडण्याफिरण्याचं धरून नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी ह्याला १.६ ने गुणायचं, नसबंदी न झालेल्यासाठी १.८ ने. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला तिप्पट लागतं, त्यानंतर वाढ पूर्ण होईपर्यंत दुप्पट. टायगरची नसबंदी झालेली आहे, म्हणजे ८५० च्या आसपास. दिवसभर सोप्यावर लोळणाऱ्या कुत्र्याला ह्याहूनही कमी पुरतं. सूत्र सुरुवात करून देतं, पुढचं कुत्र्याच्या बरगड्या सांगतात. त्याकडे येतोच.

ह्या वर्गमुळाच्या खटाटोपाला कारण आहे. वजन तिप्पट झालं म्हणून खाणं तिप्पट होत नाही. आठ किलोच्या कुत्र्याला साधारण ५३० कॅलरी लागतात आणि २५ किलोच्या लॅब्राडॉरला १,२५०. वजन तिपटीहून जास्त, खाणं सव्वादोन-अडीच पट. "किलोमागे इतकं घाला" असा सरसकट हिशेब करणारे मोठ्या कुत्र्याला जाड करतात आणि लहानाला अर्धपोटी ठेवतात.

प्रथिनांचं आणि कॅल्शियमचं प्रमाण अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने ठरवून दिलेलं आहे. तिला 'आफ्को' म्हणतात आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पाकिटांवरही हे नाव दिसतं. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला दर हजार कॅलरींमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिनं आणि सव्वा ग्रॅम कॅल्शियम. टायगरच्या ८५० कॅलरींना म्हणजे ३८ ग्रॅम प्रथिनं आणि एक ग्रॅमभर कॅल्शियम. मी त्याला गरजेच्या सव्वापट कॅलरी घालत होतो आणि प्रथिनं निम्म्याहून थोडी जास्त. डॉक्टरांचं वाक्य काट्यावर खरं ठरलं.

इथे भाताला शिव्या घालायचं कारण नाही. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला फक्त मांसच हवं, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांची आणि लांडग्यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर (एन्झाइम) बनवायची सूचना ज्या जनुकात असते, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती निघाल्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं काढलेल्या प्राण्याचं पोट आहे ते. नीट शिजलेला मऊ भात त्याला चांगला पचतो आणि त्यातून कॅलरी स्वस्तात मिळतात. फक्त भातातून तेवढंच मिळतं.

म्हणजे हातात पैसे कमी असतील तर प्रश्न एवढाच उरतो: प्रथिनं आणि कॅल्शियम स्वस्तात कुठून आणायचं? गोव्यात ह्याचं उत्तर बाजाराच्या दारातच बसलेलं असतं.

वाटा घेताना

आमच्या फोंड्याच्या बाजारात मी आता दुपारी साडेबाराच्या सुमाराला जातो. सकाळी विसवण, पापलेट घेणारी गिऱ्हाइकं येऊन गेलेली असतात. मासे विकणाऱ्या नुस्तेकान्नीच्या पाटीत तारल्या उरलेल्या असतात आणि तिलाही घरी जायची घाई असते. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर ती मला ओळखायला लागली. "बाब, सुण्याक न्हय?" (कुत्र्याला ना?) असं म्हणत वाट्यावर आणखी चार तारल्या टाकते. कुत्र्यासाठी घेतो म्हणून भाव पाडते की टायगरवर तिचा जीव आहे, हे मी विचारलेलं नाही.

तारली गरिबाचं नुस्तं. शंभर ग्रॅमला १९-२० ग्रॅम प्रथिनं, शिवाय अंगावर तकाकी आणणारी चरबी, जिच्यासाठी लोक माशाच्या तेलाच्या गोळ्या विकत आणतात. बांगडाही चालतो, पण त्याचा कणा जाड असतो. तारलीची गंमत अशी की तिचा काटा कुकरमध्ये विरघळतो. डोकं आणि पोटातली घाण काढायची, बुडेल एवढं पाणी घालायचं, मीठ-मसाला काही नाही. एक शिट्टी झाली की आच बारीक करून अर्धा तास ठेवायचं. उघडल्यावर एक कणा उचलून बोटांत दाबून बघायचा. पिठासारखा चुरडला तर झालं. टोचला तर पुन्हा झाकण. हा चुरडलेला काटा म्हणजे फुकटचं कॅल्शियम. बांगड्याचा कणा मात्र काढून टाकलेलाच बरा.

स्वस्त आणि शिळं यातला फरक तेवढा सांभाळायचा. तारली-बांगड्यासारखी नुस्ती उन्हात राहिली की त्यांत हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. डोळा पांढरट, पोट फुटलेलं, वास नाकात शिरणारा असं असेल तर तो वाटा कुत्र्यासाठीसुद्धा घेऊ नये. कच्चंही घालू नये. काही माशांमध्ये बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, शिजवलं की ते निकामी होतं.

कोंबडीच्या दुकानातही असंच. छातीचा तुकडा घ्यायची गरज नाही. पेटा, म्हणजे कोंबडीच्या पोटातली ती जाड चक्की, स्वस्त मिळते, तिच्यात चरबी कमी आणि प्रथिनं शंभर ग्रॅमला सतरा-अठरा ग्रॅम. काळीज, म्हणजे यकृत, उत्तम, पण चिमूटभरच घालायचं. त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज भरपूर घातलं तर ते अंगात साठून हाडं-सांधे बिघडवतं. एकूण खाण्याच्या विसाव्या भागाहून जास्त काळीज नको. आणि कोंबडीचे पाय? दुकानदार ते जवळजवळ फुकट देतो, बरेच जण पिशवी भरून नेतात. पण त्यात मांस नाहीच, सगळं कातडं आणि कूर्चा. त्यातली प्रथिनं कागदावर भरपूर दिसतात, पण स्नायू बांधायला लागणारे सगळे घटक त्यांत नसतात. पायांचा रस काढावा, तो भातात घालावा, हाडं फेकून द्यावीत.

अंड्याबद्दल काय सांगायचं? एक अंडं म्हणजे सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं आणि सत्तर कॅलरी. त्याहून भारी त्याचं टरफल, जे आपण अबोलीच्या कुंडीत टाकतो. धुऊन, पाच मिनिटं उकळून, तव्यावर कोरडं करून मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखं बारीक करायचं. एका सपाट चहाच्या चमच्यात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. टायगरला दिवसाचा एक ग्रॅम लागतो, म्हणजे अर्धा चमचा. महिन्याचा खर्च शून्य.

हे कॅल्शियम इतकं महत्त्वाचं का, ते नीट सांगायला हवं, कारण घरचं खाणं घालणारे बहुतेक जण इथेच चुकतात. मांस-मासळीत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. रक्तात ह्या दोघांचा तोल राखावाच लागतो, कारण कॅल्शियम कमी पडलं तर स्नायू आणि हृदय चालत नाही. मग शरीर काय करतं? गळ्याजवळच्या ग्रंथी इशारा देतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणलं जातं. बँकेतली ठेव मोडून घरखर्च चालवावा तसं. रक्ततपासणीत सगळं ठीक दिसतं आणि हाडं आतून पोकळ होत जातात. नुसतं मऊ चिकन-भात खाऊन वाढलेलं पिल्लू पायरीवरून उडी मारताना पाय मोडून घेतं ते ह्याच कारणाने.

आणि ह्याच्या बरोबर उलट चूकही घराघरांत होते. पिल्लांचं तयार खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचं गोडसर सिरप. त्या खाद्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही आणि हाडं-सांधे वेडेवाकडे वाढतात. पैसे देऊन विकतचं दुखणं. पाकिटातलं खाणं पूर्ण असेल तर सिरपही नको आणि टरफलही नको.

एका दिवसाचं ताट

१५ किलोच्या, धडधाकट, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यासाठी: कच्चे उकडे तांदूळ १५० ग्रॅम, साफ केलेली तारली १२५ ग्रॅम, एक अंडं, मूठभर दुधी किंवा लाल भोपळा, चहाचा एक चमचा तेल, अर्धा चमचा टरफलाची पूड. तारली वेगळी शिजवायची, भात-भाजी वेगळी गिचका करून, मग सगळं कालवायचं. होतात ८५० च्या आसपास कॅलरी आणि ३९ ग्रॅम प्रथिनं. काठावर पास. हात थोडा सैल असेल त्या आठवड्यात पन्नास ग्रॅम तांदूळ कमी करून दीडशे ग्रॅम पेटा वाढवावा, ताट एकदम श्रीमंत होतं.

तांदूळ साठ रुपये किलो, तारली हंगामात एकशेवीस, अंडं आठ रुपये धरलं तर हे ताट चव्वेचाळीस-पंचेचाळीस रुपयांना पडतं. भाव रोज हलतात, तुमचे आकडे तुम्ही घाला. टायगरचं आधीचं पाव-बिस्किटांचं ताट पंचवीस-तीस रुपयांचं होतं, म्हणजे फरक रोजच्या पंधरा-वीस रुपयांचा.

पण हे ताट वर्षानुवर्षं एकट्यावर चालवावं असं मी म्हणणार नाही. जस्त, आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्व ह्यांचा भरवसा घरच्या ताटात देता येत नाही. २०१३ सालीच कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाने कुत्र्यांसाठीच्या दोनशे घरगुती पाककृती तपासल्या. शंभरातल्या पंच्याण्णवांत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला, आणि त्यातल्या बऱ्याच पाककृती पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या. तेव्हा मी वर दिलेली कृती परिपूर्ण आहे असं मानायचं कारण नाही.

आमच्याकडे म्हणून आता निम्मं पाकीट, निम्मं घरचं चालतं. १३० ग्रॅम कोरडं खाद्य, ९० ग्रॅम तांदळाचा भात, एक दिवस साठ ग्रॅम तारली तर दुसऱ्या दिवशी एक अंडं, आणि भाजी. टरफलाची पूड पाव चमचा. जस्त आणि जीवनसत्त्वांचा बराचसा भार पाकीट उचलतं, चव आणि ताजी प्रथिनं घरची. खर्च पूर्ण घरच्या ताटाएवढाच येतो.

पाकिटाची पाठ

पाकिटाच्या पुढच्या बाजूला मांसाचा लालभडक तुकडा आणि हसणारा कुत्रा असतो. ती बाजू बघायची नाही. मागे बारीक अक्षरात चार आकडे असतात: प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा. कॅलरी पुष्कळदा छापलेल्याच नसतात, पण काढता येतात.

समजा प्रथिनं २०, चरबी १०, तंतू ५, ओलावा १० टक्के. खनिजांची राख छापली नसेल तर सात धरा. बेरीज ५२. शंभरातून उरले ४८, ते पिष्ट. प्रथिनं आणि पिष्ट ह्यांना प्रत्येकी साडेतीनने गुणायचं, चरबीला साडेआठने. ७० अधिक १६८ अधिक ८५ म्हणजे शंभर ग्रॅमला ३२३ कॅलरी. टायगरचं पोट नुसत्या ह्याच खाद्यावर भरायचं तर २६४ ग्रॅम लागेल. दोनशे रुपये किलो असेल तर दिवसाला ५३ रुपये.

शेजारी दुसरं पाकीट आहे, २८० रुपये किलो, प्रथिनं २४, चरबी १४, तंतू ३, ओलावा १०. त्याच रीतीने ३५० कॅलरी. हे २४४ ग्रॅम पुरतं, ६८ रुपये. किलोच्या भावात ४० टक्के फरक होता, दिवसाच्या खर्चात तो २८ टक्क्यांवर आला. कधीकधी तर महाग पाकीट दिवसाला स्वस्त पडतं. इथे तसं झालं नाही. दोन्हींत गरजेपेक्षा जास्त प्रथिनं आहेत, मग निरोगी मोठ्या कुत्र्याला पहिलं पुरे. पाकिटावर 'संपूर्ण आणि संतुलित आहार' अशा अर्थाचं वाक्य आणि ते कुठल्या वयासाठी आहे हे लिहिलेलं असावं. प्रथिनं अठराच्या खाली असतील किंवा आकडेच नसतील, तर ते कितीही स्वस्त असलं तरी ठेवून द्या.

ग्रेव्हीच्या लहान पाकिटांबद्दल एकच गणित. ऐंशी ग्रॅमच्या पाकिटात साधारण ऐंशी टक्के पाणी, म्हणजे खाणं सोळा ग्रॅम आणि कॅलरी सत्तरेक. टायगरला दिवसाला बारा पाकिटं लागतील. पंचेचाळीस रुपयाला एक धरलं तर ५४० रुपये. पाणी आमच्या विहिरीला पुष्कळ आहे.

मोठं पोतं किलोमागे स्वस्त पडतं म्हणून मी एकदा जूनमध्ये वीस किलोचं आणलं. गोव्यातला जून. मीठ पाणी होतं, पापड चामडं होतात, तिथे कुत्र्याचं खाद्य कसं टिकणार? तिसऱ्या आठवड्यात तळाला बुरशी. ती बुरशी वरवर झटकून चालत नाही. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, ते यकृत खराब करतं आणि शिजवल्याने जात नाही. अर्धं पोतं माडाच्या आळ्यातसुद्धा टाकवेना. आता पावसाळ्यात तीन किलोचं पाकीट, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात. मोठं पोतं दिवाळीनंतर.

पावसाळा इतर बाबतींतही अडवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायची बंदी, तेव्हा तारलीचा भाव पापलेटाच्या तोऱ्यात जातो. ती उठते न उठते तोच घरात श्रावण. आई श्रावणात नुस्तं सोडाच, अंडंही स्वयंपाकघरात येऊ देत नाही, आणि ते थेट चवथीपर्यंत. माणसं वरण, पनीर, मूग काहीतरी करून खातात. कुत्रा मात्र दहीभातावर येतो. ज्यांच्या घरी शेगडी बाहेर मांडता येते त्यांनी जुन्या टोपात अंडी उकडावीत. आम्ही त्या दिवसांत पाकिटाचं प्रमाण दोन-तृतीयांशवर नेतो आणि भातात भिजवून शिजवलेल्या सोयाच्या वड्या घालतो. कोरड्या वड्यांत शंभर ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, पंचवीस ग्रॅम पुरतात. एकदम जास्त घातल्या तर वास सुटतो, त्याबद्दल तक्रार करू नये. पाकिटात कोंबडीच असते हे आईला माहीत आहे. पण ती दिसत नाही, म्हणून चालते.

ताटात काय नको

शाकुतीची हाडं पहिली. शिजलेलं कोंबडीचं हाड चावताना उभं फुटतं आणि सुईसारखं टोक आतड्यात जातं. त्यावर लागलेल्या मसाल्यात भाजलेला कांदा आणि लसूण, ते दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बिघाड दिसू लागतो आणि रोज थोडा थोडा गेला तरी तो साठत जातो. खोबऱ्याच्या दाट वाटपातली चरबी, सणाच्या दिवसातलं तळण, शेजारून आलेल्या नाताळच्या ताटातलं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल, चोरीस: ह्यांनी स्वादुपिंडाला सूज येते आणि मग सलाइनचा खर्च वर्षाच्या तारल्यांएवढा होतो. नाताळच्या केकमधले बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंड निकामी करू शकतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा तज्ज्ञांनी त्याचा संशय टार्टारिक आम्लावर घेतला आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच घातलेल्या हुमणाचा रस भातावर ओतायचं मी त्यानंतर बंद केलं. नुस्तं मसाल्यात पडायच्या आधी बाजूला काढायला असा किती वेळ लागतो? चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगम हे तर घरात पडूच देऊ नये. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, ताजं दही पचतं.

खाणं बरोबर घालूनही कुत्रा वाळत असेल तर आधी जंतांचं औषध. दर तीन महिन्यांनी ते दिलं नाही तर आपण जंतांना तारली चारत असतो.

आता बरगड्या. मूठ आवळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा हडकलेला. तळहात उलटा करून त्याच्या मऊ गादीवरून फिरवा. असं लागलं तर जाड. हात सरळ पसरून मागच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी हात फिरवला की हाड कळतं पण टोचत नाही, तसं हवं. दर पंधरा दिवसांनी बघायचं आणि त्याप्रमाणे भात दहा-वीस ग्रॅम कमी-जास्त करायचा. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात कमी खाणाऱ्यांचं आयुष्य ११.२ वर्षांऐवजी १३ वर्षं निघालं. आईला मी हे वाचून दाखवलं. तिने बिस्किटं सहावरून एकावर आणली, पण ते एक ती सहा तुकडे करून देते.

खाणं बदलताना एकदम बदलू नका. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, असं आठवडाभरात. मध्ये पोट बिघडलं तर एक दिवस पातळ पेज आणि पुन्हा मागच्या पायरीवर. पिल्लू, गाभण कुत्री, मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा त्रास असलेला कुत्रा, ह्यांचं ताट मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा, हे आकडे त्यांच्यासाठी नाहीत.

टायगर चार महिन्यांत साडेपंधरावर आला. पोदेराचा भोंगा वाजला की अजून फाटकाशी जातो, पाव मिळत नाही हे कळूनही. पण कुकरची शिट्टी ऐकू आली की परत येतो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला नाक लावून अर्धा तास बसतो.